दोन शहाळी

आजारी माणसाला भेटायला जाताना हातात काय न्यावे, हा प्रश्न आपल्या वस्तीत कुणाला पडत नाही. शहाळे न्यावे. परळच्या रुग्णालयांबाहेर शहाळेवाले गाड्या लावतात ते त्यामुळेच. मोसंबी आंबट निघते, सफरचंद परवडत नाही, बिस्किटाचा पुडा नेणे बरे दिसत नाही. शहाळे मात्र कुणालाही, कुठल्याही दुखण्यात चालते अशी आपली ठाम समजूत. आमचीही तीच होती. त्या समजुतीपायी २०२२ च्या मे महिन्यात आमच्या हातून थोरल्या भावाचा जीव जायची वेळ आली. वस्तीत आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या, चार लोकांत उभे राहून बोलणाऱ्या माणसाने असे करावे, हे सांगताना लाज वाटते. तरी सांगितले पाहिजे, कारण अशी शहाळी आजही घराघरांत जात आहेत.

दादाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी होऊन तेव्हा अडीच वर्षे झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास डायलिसिस. त्यात शुक्रवार ते सोमवार हे अंतर सर्वांत लांब. रविवारी त्याचा चेहरा सुजलेला दिसे आणि तहानेने तो कासावीस होई. डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरची मर्यादा घातलेली. सकाळचा चहा, डाळीचे पाणी, गोळी गिळताना घेतलेला घोट, सगळे त्या एका लिटरात. त्या रविवारी उकाडा असा होता की पंख्याखाली बसूनही अंगाला धारा लागल्या होत्या. वहिनी बाजारात गेलेल्या. दादा म्हणाला, "अरे, घसा नुसता लाकूड झालाय." आम्ही विचार केला, पाणी बंद आहे, शहाळे कुठे बंद आहे? ते तर औषधच. दादर स्टेशनबाहेरून दोन मोठी शहाळी आणली. दादाने ती एका दमात संपवली, मलईसुद्धा खाल्ली. त्याच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून आम्हाला आपण काही मोठे काम केल्यासारखे वाटले.

रात्री दीडच्या सुमारास वहिनींचा फोन आला. "भाऊजी, लवकर या. ह्यांचे पाय उचलत नाहीत." आम्ही पोचलो तेव्हा दादा जागा होता, बोलत होता, पण पायांत त्राण नव्हते आणि ओठांना मुंग्या येत होत्या. टॅक्सी करून रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी छातीला वायरी लावून पट्टी काढली, ती पाहताच सिस्टरला हाक मारली आणि मग आमच्याकडे वळून विचारले, "काय खाल्लं आज यांनी?"

"काही नाही मॅडम. फक्त शहाळं."

"फक्त?" एवढेच त्या म्हणाल्या. पोटॅशियम सात पूर्णांक चार निघाले. ते साडेतीन ते पाचच्या दरम्यान असावे लागते. कॅल्शियमचे इंजेक्शन दिले, साखरेच्या पाण्याबरोबर इन्शुलिन दिले आणि तेवढ्या रात्री डायलिसिसचे यंत्र सुरू केले. सकाळी सात वाजता दादा उठून बसला आणि चहा मागू लागला. वहिनी आमच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

आहाराचा छापील कागद रुग्णालयाने पहिल्याच आठवड्यात दिला होता. शहाळ्याचे नाव त्यात ठळक होते. तो कागद आम्हीच भोक पाडून फाईलला लावला होता. वाचला मात्र नव्हता. कारकुनाची सवय, दुसरे काय.

त्यानंतर आम्ही हा विषय मुळापासून समजून घ्यायचे ठरवले. आम्ही बी. कॉम., विज्ञानाशी संबंध दहावीपर्यंतचा. पण जसजसे वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो, तसतसे वाटू लागले की हा सगळा कारभार आमच्याच खात्यातला आहे.

किडनी म्हणजे शरीराची गाळणी, असे आपण सारे म्हणतो. चहाची गाळणी चोथा अडवते आणि चहा खाली सोडते. मूत्रपिंडाचे काम असे नाही, बरेचसे उलटे आहे. चाळीत खोलीला रंग काढायचा असला की आपण काय करतो? घरातले सगळे सामान उचलून व्हरांड्यात मांडतो. मग जे हवे तेवढे एकेक करून आत घेतो. फुटका डबा, कुबट गादी बाहेरच राहते आणि भंगारवाल्याकडे जाते. कचरा कोणता हे ओळखत बसावे लागत नाही, आपले काय आहे एवढे ठाऊक असले की पुरते. मूत्रपिंड हेच करते. कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या कडेशी, मुठीएवढे एकेक मूत्रपिंड असते. वजन दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म नळ्या, आणि प्रत्येक नळीच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ. दर मिनिटाला लिटरभर रक्त त्यांच्याकडे येते, म्हणजे हृदय जेवढे रक्त बाहेर ढकलते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्या गुच्छांत रक्तपेशी आणि प्रथिने अडवली जातात. बाकी सगळे, म्हणजे पाणी, मीठ, साखर, पोटॅशियम आणि शरीरात तयार झालेली घाण, नळीत उतरते. असे दिवसाला १८० लिटर पाणी रक्तातून बाहेर काढले जाते. रक्तात पेशी सोडून जो द्रव असतो तो अवघा तीन लिटर. म्हणजे दिवसातून साठ वेळा व्हरांड्यात सामान मांडायचे आणि साठ वेळा आत घ्यायचे! १८० लिटरांपैकी लघवीवाटे जाते ते दीड लिटरच्या आसपास. उरलेले सगळे परत रक्तात. मिठाचा हिशेब तर ऐकून आम्ही थक्क झालो. दिवसभरात जेवढे मीठ त्या नळ्यांत उतरते ते साधारण दीड किलो भरेल. त्यातले काही ग्रॅम बाहेर जाते, नेमके तेवढेच जेवढे आपण त्या दिवशी खाल्ले. लोणचे जास्त झाले तर जास्त सोडले जाते, खाल्ले नाही तर धरून ठेवले जाते. आमच्या कचेरीत वर्षअखेरीला ताळेबंद जुळवताना जीव मेटाकुटीला येतो. इथे तो प्रत्येक क्षणी जुळतो आहे.

आता शहाळ्याचे पाहू. पोटॅशियम हे काही विष नव्हे. केळी, टोमॅटो, बटाटा, डाळी, पालेभाज्या, सगळ्यांत ते असते आणि स्नायूंना, हृदयाला ते लागतेच. शरीरातले जवळजवळ सगळे पोटॅशियम पेशींच्या आत असते, रक्तात अगदी थोडे. आतल्या आणि बाहेरच्या प्रमाणातला हा जो फरक, त्याच्या जोरावर हृदयाचा ठोका पडतो. एका मोठ्या शहाळ्यात अर्ध्या ग्रॅमपासून एक ग्रॅमपर्यंत पोटॅशियम असते. आपण प्यायलो तर काही तासांत जास्तीचे लघवीतून निघून जाते, आपल्याला पत्ताही लागत नाही. दादाला ते काढून टाकायला वाटच नव्हती. रक्तातले प्रमाण वाढत गेले, हृदयाची लय बिघडू लागली. असे हृदय कुठलीही आगाऊ सूचना न देता थांबू शकते. बाजारात 'कमी सोडियमचे' म्हणून जे मीठ मिळते त्यातही सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. रक्तदाबाला चांगले म्हणून ते घरात आणणाऱ्यांनी घरातल्या किडनीच्या रुग्णाला त्यापासून दूर ठेवावे.

दादाला हे दुखणे झाले कसे? आमचे बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेले. एका खोलीत आम्ही सात माणसे, संडास व्हरांड्याच्या टोकाला. दादाचे लग्न झाल्यावरही बरीच वर्षे आम्ही त्याच खोलीत. रात्री तो उठला की आमच्या अंगावरून पाय टाकून जावे लागे. पस्तिशीच्या पुढे तो रात्री तीन-तीनदा उठू लागला. आम्ही थट्टा करायचो, दादाने संडासाचा पहारा घेतलाय. आज कळते की ती पहिली सूचना होती. मूत्रपिंड धड असेल तर रात्री ते पाणी जास्त धरून ठेवते. मेंदूकडून एक रस येतो, तो नळ्यांना सांगतो की पाणी परत घ्या; लघवी थोडी आणि घट्ट होते, माणूस सकाळपर्यंत झोपतो. मूत्रपिंड कमकुवत झाले की ही घट्ट करण्याची ताकद लवकर जाते. घाण बाहेर टाकायला मग जास्त पाणी लागते आणि माणूस रात्रभर उठत राहतो. रात्री उठण्याला मधुमेह, प्रोस्टेट अशी इतर कारणेही असतात हे खरे. पण कारण कुठले ते बघायला तरी हवे होते.

दादा टेम्पो चालवायचा. लालबागमधून मसाल्याची पोती, गिरगाव-भुलेश्वरकडून कापडाचे आणि भांड्यांचे खोके. दिवसभर गाडीत, पाणी कमी प्यायचे कारण लघवीला थांबायला जागा नाही. कंबर दुखली की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय दुखण्यावरची गोळी. आठवड्यातून चार-पाच गोळ्या, अशी दहा-बारा वर्षे. या गोळ्या मूत्रपिंडाला जाणारा रक्ताचा ओघ कमी करतात. त्यात त्याला रक्तदाब होता आणि तो कोणाला ठाऊक नव्हता. रक्तदाब वाढला की ते बारीक गुच्छ एकेक करून खरवडतात आणि गुच्छ गेले की रक्तदाब आणखी चढतो. दुखत मात्र काही नाही. अर्धे काम बंद पडले तरी रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनीन पुष्कळदा ठीकच दिसते, कारण उरलेल्या नळ्या जादा काम ओढतात. २०१९ च्या दिवाळीत त्याला सकाळी उलट्या होऊ लागल्या, तोंडाला लोखंडाची चव येऊ लागली, अंगाला खाज सुटली. पित्त म्हणून पंधरवडा गेला. तपासले तेव्हा क्रिएटिनीन अकरा होते. ते सव्वाच्या आसपास असावे लागते.

एक गोष्ट आम्हाला अजून टोचते. २०१५ च्या १४ एप्रिलला विहारात आम्ही रक्तदाब तपासणीचे शिबिर घेतले होते. दीडशेच्या वर लोक तपासले. दादाने सतरंज्या टाकल्या, खुर्च्या आणल्या, डॉक्टरांसाठी जेवण आणले. त्याच्या दंडाला पट्टा बांधायचे कुणाला सुचले नाही. आम्हालाही नाही.

रक्तातून जे काही वाहते त्याची गाठ मूत्रपिंडाशी पडतेच, म्हणून विषाचा घावही तिथेच बसतो. मुंबईकरांना हे १९८६ साली फार वाईट रीतीने कळले. त्या वर्षी जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण दगावले. त्या औषधात कारखान्यात वापरायचे डायएथिलीन ग्लायकॉल निघाले आणि त्याने त्यांची मूत्रपिंडे बंद पाडली होती. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. आणि आपल्या हिंदमाताला पावसाळ्यात तुंबणारे पाणी? लेप्टोचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात, त्याच्या मुतातून पाण्यात येतात, आपल्या पायावरच्या जखमेतून आत शिरतात आणि पुष्कळदा आपल्या मूत्रपिंडात जाऊन बसतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या तापाने मुंबईत किती घरे उद्ध्वस्त केली ते जुन्या लोकांना आठवत असेल. वेळेवर औषध मिळाले तर ही मूत्रपिंडे पुन्हा चालू लागतात. दादासारखी वर्षानुवर्षे झिजलेली मात्र परत येत नाहीत.

मग उरते यंत्र. आमच्या आईने डायलिसिस हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो जयप्रकाश नारायणांमुळे. आणीबाणीत अटकेत असताना त्यांची मूत्रपिंडे गेली, १९७५ च्या अखेरीस त्यांना मुंबईत जसलोकला आणले, आणि ८ ऑक्टोबर १९७९ ला निधन होईपर्यंत ते या यंत्रावर जगले. आई म्हणायची, एवढा मोठा माणूस म्हणून मिळाले, आपल्याला कोण देतो? आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते, दादाचेही तिथेच होते. हे यंत्र शोधणारे कोल्फ नावाचे हॉलंडचे डॉक्टर. दुसरे महायुद्ध चालू, देश जर्मनांच्या ताब्यात, साहित्य काही मिळत नाही. या गृहस्थांनी १९४३ साली सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेनची नळी एका लाकडी पिंपावर गुंडाळली, तिच्यातून रुग्णाचे रक्त फिरवले आणि पिंप मिठाच्या पाण्यात गोल गोल फिरत ठेवले. पहिले पंधराएक रुग्ण वाचले नाहीत. १९४५ साली एक बाई वाचली. तत्त्व आजही तेच आहे. दादाच्या डाव्या हातात शीर आणि धमनी जोडून दिली आहे. तिथे बोट ठेवले की मधमाशी अडकल्यासारखी थरथर लागते. एका वेळेला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी त्या यंत्रातून जाते, ज्याला स्वतःला दिवसाला एक लिटर प्यायची मुभा आहे त्या माणसासाठी. आणि मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास जे करते ते यंत्र बारा तासांत उरकते. बाकीचे तास माणसाने सांभाळायचे.

ते सांभाळणे म्हणजे मुख्यतः तहान. शुक्रवारी यंत्रावरून उतरताना जे वजन असते त्याच्यावर सोमवारी तीन किलो वाढले तर ते तीन लिटर पाणी. ते पायांत उतरते, मग छातीत, मग दम लागतो. आम्ही आधी दादाचे पाणी मोजत बसायचो, ग्लास हिसकावून घ्यायचो, भांडणे व्हायची. पुढे सिस्टरनी सांगितले, पाणी मोजू नका, मीठ मोजा. रक्तात मीठ वाढले की मेंदू तहान लावतो. ती मनाच्या निग्रहाने थांबत नाही. आपल्या जेवणात मीठ लपलेले असते: सुकट, बोंबील, पापड, लोणचे, ठेचा, वडापावाबरोबरची सुकी चटणी. सुकटीवर वाढलेल्या माणसाला सुकट बंद म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक आहे. पण वहिनींनी महिनाभर ते निभावले आणि दादाची तहान खरोखर निम्मी झाली. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचे. पोटॅशियम त्याबरोबर बरेच निघून जाते. "चवही निघून जाते," दादा म्हणतो. तोंडात लवंग, नाहीतर बर्फाचा खडा. खड्याचे पाणीसुद्धा लिटरात धरायचे.

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला येणाऱ्या लोकांना पाणी द्यायला दादा आमच्या मंडळाच्या टेबलापाशी उभा राहतो. आजारपणातही तो गेला. डावा हात सांभाळून उजव्या हाताने ग्लास भरत होता. आम्ही म्हणालो, तू बस. तो म्हणाला, "मला प्यायची बंदी आहे, द्यायची नाही."

शेवटचा उपाय किडनी बदलणे. देशातला तसा पहिला प्रयत्न १९६५ साली आपल्या परळच्या के. ई. एम. मध्ये झाला, तो रुग्ण जगला नाही. १९७१ साली वेल्लोरला यश आले. आता हे ऑपरेशन नित्याचे आहे, पण किडनी आणायची कुठून? दादाचा रक्तगट ओ. ओ गटाला ओचीच चालते. वहिनी पहिल्याच दिवशी तयार झाल्या होत्या, त्यांचा बी निघाला. दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल कायद्याने करता येते, पण ओ गटाच्या रुग्णाला तशी जोडी मिळणे कठीण. आई म्हातारी, तिला मधुमेह. आमचा गट ओ. घरात कुणी आम्हाला मागितली नाही. कुणी न मागणे हेच जड होते. शहाळ्याच्या प्रकारानंतर आम्ही आपण होऊन तपासणीला गेलो. एका मूत्रपिंडावर माणूस नीट जगतो, हे सगळे वाचले होते. तरी आदल्या रात्री झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अहवाल समोर ठेवला. रक्तदाब १६० वर १००, लघवीत प्रथिन. म्हणजे आमचे गुच्छ गळू लागले होते. "तुमची घेता येणार नाही, तुम्हालाच औषध लागेल," ते म्हणाले. खरे सांगायचे तर पहिल्या क्षणी मनात आले, सुटलो. दुसऱ्या क्षणी त्याची लाज वाटली. तिसऱ्या क्षणी भीती. बाहेर बाकावर दादा बसला होता. त्याला काय सांगावे या विचारात आम्ही उभे राहिलो तर तोच म्हणाला, "गोळी चालू केली ना तुला? मग झालं. एकाच घरात दोन यंत्रं कशाला?"

दादाचे नाव प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत आहे. आम्ही रोज सकाळी एक गोळी घेतो, सहा महिन्यांनी लघवी आणि क्रिएटिनीन तपासतो. प्रथिन कमी झाले आहे.

यंदाच्या एप्रिलमधल्या शिबिरात दादाला सतरंज्या टाकू दिल्या नाहीत. दाराशी टेबल टाकून त्याला वही दिली. नाव, वय, वजन लिहिल्यावर तो प्रत्येकाला एक प्रश्न विचारत होता, "रात्री किती वेळा उठतोस?" पोरे हसत होती. तो आकडा लिहून घेत होता, आणि तीन किंवा जास्त सांगणाऱ्याला आत पाठवण्याऐवजी आधी आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवत होता. दुपारपर्यंत त्या बाजूला आणखी चार खुर्च्या लावाव्या लागल्या.